कार्य, श्रम आणि भाकरी

मराठी भाषेत ‘काम’ ह्या शब्दाइतका राबलेला शब्द दुसरा सापडणे कठीण. कामावर जाणे, काम लागणे, काम सुटणे, कामास येणे, कामी येणे. माणसाचे अर्धे आयुष्य ह्या एका शब्दाभोवती फिरते. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांचे तर सारेच. हाच शब्द शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘कार्य’ असा सोवळे नेसून येतो, तेव्हा मात्र त्याचा अर्थ पालटतो. वस्तूवर बल लावले आणि वस्तू बलाच्या दिशेने सरकली, तर कार्य झाले. बल गुणिले विस्थापन, हे त्याचे माप. वस्तू जागची हलली नाही, किंवा बलाशी काटकोन करून सरकली, तर त्या बलाने केलेले कार्य शून्य.

आता ही व्याख्या घेऊन टोकावड्याच्या सडकेवर उभे राहावे. डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली बाई सपाट रस्त्याने दोन कोस चालत आली आहे. मोळीचे वजन खाली, बाईचे बल वर, आणि चाल मात्र आडवी. पदार्थविज्ञान सांगते की, मोळी पेलण्याच्या बलाने ह्या दोन कोसांत काहीच कार्य केले नाही. त्या बाईचा मुलगा नववीत असेल, तर तो हे वाक्य परीक्षेत बिनचूक लिहील आणि मार्कही मिळवील. पण घरी येऊन आईला हे सांगण्याची त्याची छाती होणार नाही. आणि सांगितलेच, तर ती हसेल. शाळेतले ज्ञान खरे आणि आईचे हसूही खरे, अशी ही अडचण आहे.

वसंतातल्या व्याख्यानांत इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह ह्यांची अपेक्षा असते. आम्ही मात्र आज एका कल्पनेचा इतिहास सांगणार आहो. कार्य आणि ऊर्जा ही कल्पना कोठून आली, ती मराठीत कशी उतरली, आणि टोकावड्याच्या मुलाच्या हाती ती पुरी का पोहोचली नाही, एवढाच आमचा विषय. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्यात आणि रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत झाले. त्यामुळे ह्या कल्पनेकडे आम्ही प्राध्यापकाच्या खुर्चीतून न पाहता ओझे वाहणाऱ्याच्या बाजूने पाहतो.

ओझे वाहणाऱ्यांपासून सुरुवात

पहिली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ‘कार्य’ ही कल्पना आकाशातल्या ग्रहगोलांकडे पाहून सुचलेली नाही. ती मजूर, घोडा आणि यंत्र ह्यांच्या हिशेबातून निघाली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात जेम्स वॉट वाफेची एंजिने विकू लागला, तेव्हा गिऱ्हाईक विचारी, ‘हे एंजिन माझ्या किती घोड्यांची जागा घेईल?’ म्हणून त्याने घोड्याच्या श्रमाचे माप बांधले. एका मिनिटात तेहतीस हजार पौंड वजन एक फूट वर, म्हणजे एक अश्वशक्ती. आजच्या मापाने सुमारे ७४६ वॉट. कारखान्यातल्या मोटरच्या पाटीवर आजही ‘एच.पी.’ ही अक्षरे दिसतात. आमची विज्ञानाशी पहिली ओळख झाली ती ह्या पाटीवरच.

त्याच सुमारास फ्रान्सात कूलाँब ह्या इंजिनिअराने माणसाच्या श्रमाचा हिशेब मांडला. विजेच्या धड्यात ज्याचे नाव येते तोच हा कूलाँब. ओझे घेऊन चढणारा मजूर दिवसभरात किती भार किती उंच नेतो, रिकामा चढला तर किती, आणि थकवा कोठे जास्त येतो, ह्याची त्याने मोजदाद केली. पुढे १८२९ साली कोरिओलिस ह्या त्याच्याच देशबंधूने बल आणि अंतर ह्यांच्या गुणाकारास शास्त्रीय नाव दिले, ते फ्रेंच भाषेतला मजुरीचाच शब्द घेऊन. आमच्या ‘कार्या’चे कुळ हे असे आहे.

दुसरी बाजू जीवशास्त्राची. १७८० नंतरच्या दशकात लाव्हाझिए ह्या रसायनशास्त्रज्ञाने लाप्लासच्या साहाय्याने एका लहान प्राण्याला बर्फाच्या पेटीत ठेवले आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळते ते मोजले. श्वासोच्छ्वास हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, असे त्याने ठरविले. मग सेग्याँ ह्या सहकाऱ्यावर प्रयोग करून त्याने दाखविले की, माणूस बसला असता जेवढा प्राणवायू घेतो, त्याहून श्रम करताना पुष्कळच अधिक घेतो. ह्यावरून त्याच्या मनात जो प्रश्न उभा राहिला, तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. ज्याच्या अंगाचे इंधन श्रमात सर्वांत जास्त जळते, त्या गरिबाच्याच ताटात सर्वांत कमी का पडावे? हा प्रश्न करणारा स्वतः सरकारी करवसुलीच्या मक्त्यातला भागीदार होता, आणि त्यापायी १७९४ साली क्रांतीच्या धामधुमीत त्याचा शिरच्छेद झाला. इतिहास असा वाकडा चालतो. पण प्रश्न उरला.

ह्या दोन वाटा एकत्र आल्या त्या १८४० नंतर. माएर नावाचा तरुण जर्मन डॉक्टर डच जहाजावर नोकरीस होता. १८४० साली जावा बेटात खलाशांची शीर उघडताना त्यास दिसले की, नीलेतले रक्त अपेक्षेपेक्षा अधिक लाल आहे. त्याने तर्क केला की, उष्ण हवेत शरीरास ऊब राखण्यासाठी कमी जाळावे लागते, म्हणून रक्तात प्राणवायू जास्त उरतो. म्हणजे अन्न, ऊब आणि श्रम ह्यांचा जमाखर्च एकाच वहीत लिहिला पाहिजे. १८४२ साली त्याने तो विचार छापला. इकडे मँचेस्टरचा जूल, धंद्याने दारूभट्टीवाल्याचा मुलगा, पडणाऱ्या वजनाने पाण्यात पंखा फिरवून पाणी किती तापते ते मोजीत होता. आजच्या मापाने बोलायचे तर सुमारे ४.२ जूल कार्य म्हणजे एक कॅलरी उष्णता. ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही, ती रूप पालटते, हा सिद्धांत असा खलाशाच्या रक्तातून आणि पाण्यातल्या पंख्यातून सिद्ध झाला.

ह्यातून निघणारी गोष्ट सरळ आहे. आज शाळेत ‘कार्य व ऊर्जा’ हा धडा भौतिकशास्त्रात आणि ‘श्वसन’ हा जीवशास्त्रात, असे दोन सवते संसार दिसतात. जन्मले मात्र ते एकाच घरात. आणि ते घर श्रम करणाऱ्या देहाचे होते.

मराठीत विज्ञान आले ते बोलत आले

हे सारे घडत असता मराठी झोपली नव्हती. विज्ञान मराठीत फार उशिरा आले, हा समज खरा नाही. १८३३ साली मुंबईस हरि केशवजी पाठारे ह्यांनी ‘सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. फॅरडेने चुंबकापासून वीज निर्माण केली ती १८३१ साली, म्हणजे त्याच्या अवघे दोन वर्षे आधी. नावातला ‘संवाद’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रश्न करणारा आणि उत्तर देणारा समोरासमोर बसले आहेत, अशा घाटाची ती रचना.

हा घाट इंग्लंडात लोकप्रिय केला तो जेन मार्सेट ह्या बाईने. कॉलेजची दारे त्या काळी स्त्रियांना बंद होती. तिने १८०६ साली रसायनशास्त्रावर पुस्तक लिहिले, आणि त्यावर आरंभी आपले नावही घातले नाही. त्यात एक बाई दोन मुलींना शिकविते. मुली शंका काढतात, आणि प्रयोग करून उत्तर मिळते. हे पुस्तक लंडनात एका बुकबाइंडराच्या दुकानी बांधणीस आले, आणि तेथील उमेदवार पोराने ते वाचले. ते पोर म्हणजे लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे. पुढे त्याने शास्त्रज्ञ डेव्हीची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे सुबक बांधून त्यास धाडली, आणि १८१३ साली प्रयोगशाळेत मदतनिसाची नोकरी मिळविली. मुलांसाठी नाताळात व्याख्याने देण्याची प्रथा त्याच संस्थेत १८२५ साली सुरू झाली. तिच्यानंतर पन्नास वर्षांनी, १८७५ साली, पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला उभी राहिली. ज्ञान हे ऐकून आणि विचारून मिळवावयाचे असते, ही श्रद्धा दोन्हींच्या मुळाशी आहे.

मराठीतही ती श्रद्धा होती. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिक काढून त्यात सृष्टिशास्त्राचे विषय घातले. दुर्दैवाने १८४६ सालीच, ऐन तारुण्यात, ते गेले. अलिबागेजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे ह्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. कुलाब्याच्या वेधशाळेत काम करता करता ते गणित आणि ज्योतिष शिकले, पुण्यास प्राध्यापक झाले, आणि त्यांनी मराठीत पदार्थविज्ञान व गणित ह्यांवर शाळांसाठी पुस्तके लिहिली. पदवीवाचून शिकलेल्या माणसांनी पदवी नसलेल्यांसाठी लिहावे, अशी ती पिढी होती.

मग काय बिघडले? १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, वरचे शिक्षण इंग्रजीत गेले, आणि मराठी पुस्तके परीक्षेच्या खालच्या पायरीवर राहिली. संवाद सुटला, व्याख्या उरली. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले, त्यात हे दुखणे उघडे केले आहे. शेतकऱ्याच्या पैशावर वरच्या वर्गांचे शिक्षण चालते आणि शेतकऱ्याचे पोर कोरडे राहते, हे त्यांनी सांगितले. आणि प्राथमिक शाळेत शेतीची मूलतत्त्वे व आरोग्याचे धडे असावेत, अशी मागणी केली. हा मनुष्य विज्ञान मागत होता, पण ज्याच्या हाताशी जे आहे त्यापासून सुरू होणारे विज्ञान.

शब्दांविषयी आमची तक्रार नाही. ‘विस्थापन’, ‘ऊर्जा’, ‘प्रकाशसंश्लेषण’ हे शब्द काटेकोर आहेत आणि शास्त्राला काटेकोरपणा लागतो. तक्रार आहे ती शब्द अर्थाच्या आधी येतो, ह्याची. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली निघाले. त्याने जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या आसपासच्या शाळांत आणि मुंबईच्या म्युनिसिपल शाळांत काम केले. पुस्तकाची भाषा सोपी केली की मागे पडलेली मानलेली मुले विज्ञानात पुढे येतात, असे त्यात दिसून आले. अडसर बुद्धीचा नसून भाषेचा होता.

घाट चढताना

आता पुन्हा टोकावड्यास येऊ. कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे आणि पुढे माळशेज, अशी ही सडक. वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची पायवाट चढते. दोन हजार वर्षे जुन्नर आणि कल्याण ह्यांच्या दरम्यान माल ह्या वाटेने गेला. वर लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापणे ह्यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत, आणि भारतीय अंकांच्या इतिहासात त्यांना मान आहे. घाटातून माल वर आणणाऱ्या पाठींचा हिशेब मात्र त्यात वाचावयास मिळत नाही. तो आपण करू.

एका माणसाचे वजन ५० किलो आणि डोक्यावरचे ओझे २० किलो धरा. चढ ५०० मीटर धरा. ७० गुणिले ९.८ गुणिले ५००, म्हणजे सुमारे ३ लाख ४३ हजार जूल कार्य झाले. येथे वस्तू बलाच्या दिशेने, वर, गेली आहे. येथे पदार्थविज्ञानही मान डोलावते. ४.२ने भागले तर ८२ हजार कॅलरी, आहाराच्या भाषेत ८२ किलोकॅलरी. पण आपले स्नायू जेवढे जाळतात, त्याचा चौथा-पाचवा हिस्साच कार्यात उतरतो. बाकीची उष्णता होते आणि घामावाटे जाते. म्हणजे प्रत्यक्ष खर्च साडेतीनशे-चारशे किलोकॅलरींच्या घरात. शंभर ग्रॅम तांदळाच्या पिठात सुमारे साडेतीनशे किलोकॅलरी असतात. थोडक्यात, नाणेघाट चढणे म्हणजे एक दांडगी भाकरी.

आणि ती भाकरी कोठून आली? भाताच्या पानाने हवेतला कर्बवायू आणि मुळांनी ओढलेले पाणी ऊन्हाच्या जोरावर जोडून साखर केली. तिचा पिष्ट होऊन दाण्यात साठला. म्हणजे श्रावणातले ऊन फाल्गुनात ओझे वाहते. माएरने हे १८४५ सालीच ओळखले होते. पदार्थविज्ञान आणि जीवशास्त्र येथे एका भाकरीवर बसून जेवतात.

आता सपाट रस्त्यावरच्या बाईचा खटला निकालात निघतो. मोळी पेलण्याच्या बलाचे कार्य शून्य, हे खरे. परंतु स्नायू म्हणजे भिंतीतला खुंट नव्हे. खुंटास ओझे टांगून ठेवण्यास काही खर्च येत नाही. मान आणि पाठ ह्यांच्या स्नायूंतले सूक्ष्म तंतू मात्र ओझे पेलताना क्षणोक्षणी एकमेकांस पकडतात, ओढतात, सोडतात. प्रत्येक ओढीस पेशीतले इंधन जळते, आणि त्याची उष्णता होते. म्हणून कार्य शून्य, पण खर्च शून्य नाही. पुस्तकाचे वाक्य बाईच्या ओझ्याविषयी आहे, बाईविषयी नाही. एवढे मुलास समजले, की तो आईपुढे ताठ मानेने बोलेल, आणि आईही म्हणेल, ‘होय रे, तसंच आहे बाबा.’

ह्याच न्यायाने उंचीवरचे पाणी म्हणजे साठविलेले कार्य, हेही समजते. शहापूर तालुक्यातले तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. त्याचे पाणी स्वतःच्या वजनानेच मुंबईकडे वाहत गेले. त्याच तालुक्यात उन्हाळ्यात ओढ्यातून हंडा वर चढविणारी बाई गुरुत्वाकर्षणाविरुद्ध कार्य करते. एकाच नियमाची ही दोन टोके. नियम कोणाचा कैवार घेत नाही. कैवार माणसांनी घ्यावयाचा असतो.

मजुरी ज्यूलवर ठरत नाही

येथे आम्हांस युनियनचा अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. एका कारखान्यात पंचवीस किलोंच्या गोण्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास वाहण्याचे काम होते. साहेबांचे म्हणणे, उचलणे एकदाच, पुढे नुसते चालणे, म्हणून हे हलके काम. आम्ही स्नायूचा हा धडा त्यांच्यापुढे ठेवला. वाटाघाटी पुष्कळ चालल्या. अखेर विश्रांतीची वेळ वाढली आणि हातगाडी आली. विज्ञान हे आमच्या बाजूचे साक्षीदार होऊ शकते, हे त्या दिवशी पोरांनी पाहिले.

पण साक्षीदारास न्यायाधीश करू नये. धडधाकट माणूस दिवसभर टिकवून सुमारे ७५ वॉटच्या दराने काम करतो. आठ तासांचे झाले ६०० वॉट-तास, म्हणजे विजेचे पाऊण युनिटही नव्हे! मजुरी ज्यूलवर ठरवावयाची तर मजुरास दिवसाचे चार-पाच रुपये हाती घेऊन घरी जावे लागेल. यंत्राशी जोराची बरोबरी माणूस कधीच हरला आहे. तेव्हा मजुरी कशाची? ती त्याच्या वेळेची, कसबाची, नजरेची, आणि त्याच्या घरादाराच्या जगण्याची.

हे तत्त्व देशाने एकदा आकड्यांत मान्य केले आहे. १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार ह्यांनी गरजांवर आधारलेल्या किमान वेतनाची मोजपट्टी ठरविली. एका कमावत्यामागे तीन खाणारे धरावेत, अन्न डॉ. एक्रॉइड ह्यांच्या आहारमानाप्रमाणे माणशी २७०० किलोकॅलरी. कापड माणशी वर्षाला अठरा वार. आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी वीस टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी इत्यादींसाठी पंचवीस टक्क्यांची भर घातली. लाव्हाझिएच्या प्रश्नाला दीड-दोन शतकांनी मिळालेले हे उत्तर. ती कॅलरी म्हणजे नववीच्या पुस्तकातलीच कॅलरी. ज्यास तो धडा समजला नाही, त्यास आपल्या मजुरीची पावतीही पुरती वाचता येणार नाही.

शाळेकडे मागणे

म्हणून आमचे मागणे शाळेकडे आहे. दिवाळी झाली की मुरबाड-शहापुराकडची कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, आणि मुलेही जातात. त्या पोराचे विज्ञान बुडते, असे आपण म्हणतो. वस्तुतः ते विज्ञानाच्या मध्यात जाऊन बसते. ओल्या मातीतले पाणी उडते, भट्टी तापते, आईच्या डोक्यावर विटा चढतात. बुडतो तो संवाद. विचारणारे कोणी नसते. शाळा जेथे मुले आहेत तेथे गेली पाहिजे, हे ह्या जिल्ह्यास नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डीस आणि १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर काम केले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणावरच शाळा नेली. बोर्डी-कोसबाड २०१४पासून पालघर जिल्ह्यात आले. पण धडा ठाण्याचाही आहेच.

प्रयोगशाळा नाही म्हणून अडून बसू नये. एक तराजू, एक दोरी, एक घड्याळ, पाण्याचा हंडा आणि एक टेकाड, एवढ्यावर कार्याचा धडा होतो. मुलाने आपले वजन करावे, टेकाडाची उंची दोरीने अदमासावी, चढून जाण्यापूर्वी आणि नंतर नाडीचे ठोके मोजावे, आणि वहीत लिहावे. मग गुरुजींनी विचारावे, ‘ठोके का वाढले?’ आणि उत्तर लगेच सांगू नये. हरि केशवजींनी १८३३ साली जो संवाद सुरू केला, तो तेथून पुढे चालू होईल. मुलांनीही भीड बाळगू नये. पुस्तकातले वाक्य आणि घरातले जिणे ह्यांत विसंगती दिसली, की हात वर करावा. फॅरडेच्या हाती पुस्तक बांधणीसाठी आले होते. त्याने ते उघडून वाचले, एवढाच फरक.